डाव्या चाकाचा बूट

रविवार, २१ सप्टेंबर २०२५

खताच्या दुकानदाराने दिलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटावर धूळ खात होती. आज काढली, कारण मनातलं बोलायला घरात माणूस उरलेलं नाही. लेक अपेक्षा पुण्यात होस्टेलवर. फोन केला की, "आई, लेक्चर आहे, नंतर बोलते." नवऱ्याशी सकाळीच वाजलं. आणि आत्या, म्हणजे माझी सासू रंभाबाई, तिच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान टोमणे मारत नाही.

वाजलं ते गाडीवरून. आठवडा झाला, गाडी पूर्ण वळवली की डाव्या चाकातून टक टक टक. पिरंगुटच्या मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. इंजिनाकडून चाकाकडे एक लोखंडी दांडा जातो, त्याच्या सांध्यावर घड्याघड्यांची रबरी टोपी असते. तिला बूट म्हणतात. आतलं ग्रीस आत ठेवायचं आणि बाहेरची माती बाहेर, एवढंच तिचं काम. तर आमचा डावा बूट फाटलाय आणि सगळं ग्रीस चाकाच्या आतल्या अंगाला उडालंय. उजव्यालाही चिरा पडल्यात, पण तो अजून थोडे दिवस काढेल. मेकॅनिक म्हणाला, "ताई, आख्खा दांडाच बदला," आणि असा आकडा सांगितला की मी गाडीत बसून सरळ घरी आले.

घरी गोरख. समोर मी त्याला अहो-जाहो करते, पण डायरी माझी आहे, इथे गोरखच लिहिणार. तो म्हणाला, "इकून टाकू. पौडचा एजंट कवाचा मागं लागलाय." त्याला जमिनीची गिऱ्हाइकं फिरवायला मोठी काळी गाडी पाहिजे, ही घालून ती घ्यायची. आणि माझे डबे? दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून हिंजवडीच्या एका ऑफिसात दुपारचे डबे द्यायचे ठरलेत. भाकरी, पिठलं, आमच्या शेतातल्या इंद्रायणीचा भात. वरच्या वाडीवरची लिलाबाई भाकऱ्या थापायला येणार आहे, तिने त्यासाठी दुसरीकडची मजुरी सोडली. गाडी गेली तर डबे काय डोक्यावर घेऊन हिंजवडीपर्यंत चालत जाऊ?

मी म्हटलं, "बूट मी बदलते. घरी."

गोरख इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "बरं. दसऱ्याला गाडी बिनआवाजाची चालली तर तुजी. न्हाई तर एजंट त्याच दिशी सांजच्याला घिऊन जाईल. पुना रडायचं न्हाई."

"ठरलं," म्हटलं. पॉवर टिलरचा गिअरबॉक्स मी उघडलाय, विहिरीची मोटर मीच काढते आणि मीच बसवते. मोटारगाडी काय आभाळातून पडली आहे का?

दुपारी जॅक घेऊन निघाले, तर आत्या दारात आडवी. "आज सर्वपित्री हाय. आज हात लावायचा न्हाई." घेतली लगेच लेकाची बाजू!

सोमवार, २२ सप्टेंबर

सकाळी घट बसले. आत्याने दरवर्षीप्रमाणे व्रत धरलं. एक वेळ फराळ, अनवाणी फिरायचं, रात्री भुईवर झोपायचं. डॉक्टरने गुडघ्यांसाठी भुईवर झोपू नका म्हणून बजावलंय, पण ऐकेल ती आत्या कसली! आपली नवारीची लोखंडी खाट तिने दुपारीच धान्याच्या खोलीत नेऊन टाकली.

पिरंगुटहून नवा बूट, पट्ट्या आणि ग्रीस आणलं आणि मी गाडीला भिडले. चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो, तो गाडी जमिनीवर उभी असतानाच सैल करायचा. पाना लावला. हात लावून झाले, पाय लावून झाले, शेवटी पान्याच्या दांडीवर चढून उड्या मारल्या. नट जागचा हलला नाही. उलट माझाच पाय घसरला आणि नडगी सोलली. आत्या ओट्यावर फुलं निवडत बसली होती. सगळं बघून म्हणाली, "झालं का गं?"

असा राग आला म्हणता! म्हटलं, "होईल. तुम्ही फुलं निवडा."

पान्याला लांब पाईप लावला की जोर येतो, हे मला कळतं. पण पाईप हवा ना. गोरखला विचारलं तर म्हणे, "मी काय हार्डवेअरचं दुकान टाकलंय?"

मंगळवार, २३ सप्टेंबर

नट सुटला!!

सकाळी अंगणात गेले तर गाडीला टेकून एक चांगला लांब, जाड पाईप उभा. रंग उडालेला, टोकाला कसलासा पांढऱ्या सुताचा धागा अडकलेला. गोठ्याचं जुनं फाटक मोडलं होतं त्यातला असणार. बहुतेक लिलाबाईने जाता जाता ठेवला. गुणाची बाई आहे.

पाईप पान्याच्या दांडीवर चढवला, टोकाला जाऊन लोंबकळले, आणि कड् असा आवाज झाला. आधी वाटलं, पानाच मोडला. पण नाही, नट! पाईप मधे थोडा वाकला, वाकू दे.

आत्या म्हणाली, "झालं का गं?" आज मी मान वर करून म्हटलं, "झालं!" तर ती देवाला दिवा लावायला आत गेली. लेकाची हार व्हायला लागली की तिला दिवाबत्ती आठवते.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

दोन दिवस पाऊस आणि खाचरात पाणी अडलं होतं, ते फोडायला जावं लागलं. भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर पडल्यात. आज उघडीप मिळाली.

गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडाचे ओंडके घातले. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणाऱ्यांची डोकी तपासायला हवीत. चाक काढलं. खालचा जोड सोडवला, दांडा चाकाच्या घरातून ओढून बाहेर घेतला. फाटक्या बुटाच्या पट्ट्या कापल्या आणि आत बोट घातलं. ग्रीस कसलं, काळी खरखरीत माती. वाडीकडच्या रस्त्याचा अर्धा चिखल आमच्या सांध्यात. हातोडीचे नीट ठोके देऊन सांधा दांड्यावरून काढला. रॉकेलमध्ये बुडवून घासला, तेव्हा आतले पोलादी छर्रे दिसायला लागले. निरखून पाहिलं. कुठे खड्डा नाही, चर नाही. वेळेवर उघडला म्हणून वाचला. मेकॅनिक म्हणे आख्खा दांडा बदला!

पुसायला फडकी शोधत होते तर ओट्याच्या कडेवर धुतलेल्या मऊ लुगड्याचे तुकडे, चौकोनी फाडून, एकावर एक. लिलाबाईच. तिला सांगायलाही लागत नाही.

मी दुपारी गिरणीत गेले होते, तेव्हा म्हणे एजंट गाडी बघायला येऊन गेला. लिलाबाईने सांगितलं. आत्याने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "घरात घट बसल्यात. घट हालल्याबिगर हितली चीज भायेर जात न्हाई, आन दावत बी न्हाई," म्हणाली. पौडवरून आलेल्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही. काय हा तुसडेपणा! माझ्या वाईटावर टपलेला का असेना, पण दारात आलेल्याला पाणी देतात.

रविवार, २८ सप्टेंबर

लिलाबाई भाकऱ्यांचा सराव करायला आली. सराव कसला, ती डोळे मिटून भाकरी थापेल, पण मला गाडीजवळ राहता यावं म्हणून आली. दिवसभर चूल तिने सांभाळली. जाताना विचारलं, "वैनी, सोमवारपास्नं व्हईल ना नक्की? का मी परत कामाला जाऊ?"

"होईल," म्हटलं. मला शंकाच नाही. म्हणजे थोडी आहे. एजंट आता रोज गोरखला फोन करतो आणि गोरख माझ्यासमोर मुद्दाम मोठ्याने बोलतो.

मंगळवार, ३० सप्टेंबर

आजचा प्रकार लिहायला नको वाटतं. पण लिहिते.

सकाळी सांध्यात नवीन काळं ग्रीस भरलं, बोटांनी छर्ऱ्यांच्या मागेपुढे चेपून चेपून. मग दांड्यावर सांधा चढवला, एक ठोका, दोन ठोके, आतली लॉकची रिंग खट्ट करून बसली. एवढा आनंद झाला की मी हातोडी घेऊन अंगणात एक फेरी मारली. आत्या म्हणाली, "झालं का गं?" म्हटलं, "झालं! या, बघा!"

ती आली. वाकली. बराच वेळ बघितलं. मग ओट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आन ते काळं रबर कशापायी आनलंय?"

नवा बूट ओट्यावर. त्याच्या दोन्ही पट्ट्याही ओट्यावर. बूट आधी दांड्यात घालायचा असतो, मग सांधा. सांधा बसल्यावर त्यावरून बूट जात नाही, कितीही ओढा. हे मला माहीत होतं! आणि तरी विसरले. गोरख दात घासता घासता हसला.

पुन्हा सगळं खोललं. सांधा निघाला, पण यावेळी लॉकची रिंग वाकडी झाली. ग्रीसमध्ये अंगणातली माती गेली होती म्हणून सांधाही परत धुतला. उद्या पिरंगुटहून नवी रिंग आणते. उद्या दुपारपर्यंत बसवून टाकते, परवा दसरा. वेळ आहे.

बुधवार, १ ऑक्टोबर

आजचं लिहिताना पेनाचं टोक दोनदा कागद फाडून गेलं.

सकाळी धुतलेला सांधा स्वच्छ फडक्यावर पडवीत ठेवला. शेजारी पाने, हातोडी, पक्कड सगळं ओळीने. पिरंगुटला रिंग दोन दुकानांत नव्हती, तिसऱ्यात मिळाली. ऊन चढलं तेव्हा परत आले.

पडवीत पाट मांडलेला. त्यावर विळा, कोयता, कुदळ, टिलरची चावी. आणि मधोमध, सगळ्यांच्या वर, माझा सांधा! त्याच्यावर हळद, कुंकू, अक्षता, पाणी शिंपडलेलं. उघड्या छर्ऱ्यांमध्ये झेंडूच्या पाकळ्या. पान्यांना कुंकवाची बोटं. नारळ फोडलेला, त्याचं पाणी फडक्यावर सांडलेलं.

खंडेनवमी! मी विसरले. आज अवजारं पुजतात, आणि एकदा पुजली की दसऱ्याला पूजा उतरवल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. माझं माहेर याच तालुक्यातलं, कोळवणचं, मला काय हे शिकवायला हवं?

मी ओरडले. खूप ओरडले. "आत्या, त्यात मातीचा कण चालत नाही आणि तुम्ही मूठभर कुंकू ओतलं! लेकाला मोठी गाडी पाहिजे म्हणून ना? पहिल्या दिवसापासून माझ्या वाईटावर उठलाय तुम्ही."

आत्या शांतपणे म्हणाली, "आवजारं हायेत. पुजायची असत्यात. उद्या घे."

"उद्या कधी? संध्याकाळी एजंट गाडी नेणार!"

"उद्या पहाटंच घे."

रागाच्या भरात सांधा उचलणार होते. हात पुढे केलाही. पण नाही उचलला. पूजेतलं असं ओढून काढायचं धाडस नाही झालं. चुलीपाशी आलेल्या लिलाबाईकडेही बघवलं नाही. जेवले नाही.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती मला खटकली. दरवर्षी पाटावर सगळ्यात आधी गोरखचं काही ना काही असतं. जमिनीचा धंदा सुरू केल्यापासून तो आपला मोबाईलसुद्धा ठेवतो. आज त्याचं एकही सामान नव्हतं. त्याने विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "जागा न्हाई." पाटावर जागा भरपूर होती. वय झालंय तिचं, दुसरं काय.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

सांगते. क्रमाने सांगते.

उजाडायच्या आत आत्याने अंघोळ करून पूजा उतरवली. मी अजून केसही विंचरले नव्हते. ती आली आणि पाना माझ्या हातात दिला. देताना आधी कपाळाला लावला. माझा राग अजून उतरला नव्हता.

पेट्रोल ओतून सांधा परत धुतला. कुंकू हट्टी असतं. जुन्या टूथब्रशने एकेक छर्रा फिरवून फिरवून काढलं. पेट्रोल लाल, मग गुलाबी, मग स्वच्छ. तरी एका खोबणीत लालसर छटा राहिलीच. बोटाला काही खरखर लागली नाही, म्हणून तिला तिथेच राहू दिलं.

आधी छोटी पट्टी. मग बूट. मग रिंग. मग सांधा. मी प्रत्येक गोष्ट मोठ्याने म्हणत होते, म्हणजे विसरायला नको. ठोका दिला, खट्ट. ग्रीस भरलं, बूट ओढून बसवला, मोठी पट्टी आवळली. दांडा घरात, जोड जागेवर, चाक लावलं, गाडी खाली घेतली, आणि पाईपने शेवटचा नट असा आवळला की आता तो माझ्या मरणानंतरच सुटेल.

गोरख ओट्यावर बसून बघत होता. हसत नव्हता. तेवढ्यात मोटरसायकल वाजली. एजंट! संध्याकाळचा माणूस दुपारीच हजर.

मी गाडीत बसून किल्ली फिरवली. अंगणात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून एक फेरी घेतली. उजवीकडे वळवून दुसरी. कान टवकारले. कोंबड्या ओरडत होत्या, तेवढाच आवाज. टक नाही! एकसुद्धा टक नाही!

मी थांबवली तर पुढचं दार उघडलं आणि आत्या आत बसली. अनवाणी, नवं लुगडं, अंबाड्यात घटात उगवलेली पिवळी पाती खोवलेली. ही बाई आमच्या गाडीत आजवर कधी बसली नव्हती. पौडला जायचं तरी एसटीच. मला वाटायचं, माझ्या गाडीत बसायला कमीपणा वाटतो.

"चल," म्हणाली. "शिव वलांडायची."

दसऱ्याला गावाची शीव ओलांडून शिलंगणाला जायचं ते पुरुषांनी. बायका ओवाळून त्यांना वाटेला लावतात आणि परत आले की पुन्हा ओवाळतात.

गोरख धावत आला. "आये, अगं थांब, गाडी बघाया मानूस आलाय."

आत्या समोर बघत म्हणाली, "बघू दे की. जाताना बघंल."

मी क्लच सोडला. एजंट फाटकातून बाजूला झाला.

शिवेवरच्या म्हसोबाशी आम्ही उतरलो. पुरुषमंडळी जमलेली, सगळे आमच्याकडे बघतायत. आत्याने आपट्याची पानं घेतली, एक म्हसोबाला वाहिलं, एक माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, "लगीन झाल्यापासनं दरसाल दुसऱ्यांना ओवाळून लावलं. म्या काय ही शिव वलांडली न्हवती." मग म्हणाली, "पुढं घे. घोटावड्यापतूर."

घोटावड्यापर्यंत गेलो. प्रत्येक वळणावर ती मान तिरकी करून चाकाचा आवाज ऐकत होती. म्हातारीला गाडीत फिरायची एवढी हौस असेल असं वाटलं नव्हतं.

परत आलो तर एजंट गेलेला. गोरख म्हणाला, "आवाज न्हाई गं खरंच." मग थोड्या वेळाने, "सोमवारी डबं कितीला निघनार?" एवढंच. मला पुरलं.

लिलाबाईला फोन केला. ती नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिली.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी आत्या भिंत धरून उठताना दिसली. व्रत कालच उठलं, तरी ती रात्री भुईवरच झोपली होती. म्हटलं, खाट आणायला कुणी मदत केली नसेल. संध्याकाळी मीच धान्याच्या खोलीत गेले.

गोधडी बाजूला केली. नवार गुंडाळून नीट ठेवलेली. चार पाय. आडवे दोन पाईप. उभा एक.

मी दुसरा शोधला. पोत्यांमागे, कणगीखाली. मग एकदम तो पांढऱ्या सुताचा धागा आठवला.

गाडीच्या डिकीतून पाईप आणला. खाटेच्या पायात घालून पाहिला. मी लोंबकळले होते म्हणून मधे वाकलाय, पण टोक बरोबर बसलं. तिथेच पोत्यावर बसले. मऊ लुगड्याचे तुकडे लिलाबाईचे कसे असतील? ती पाचवारी नेसते. पाहुण्याला पाणी न देणारी बाई, रोज झालं का विचारणारी बाई, पाटावर लेकासाठी जागा न्हाई म्हणणारी बाई. आणि मी तिला म्हटलं, माझ्या वाईटावर उठलाय. मला रडू फुटलं. इतकं, की गोरख बाहेरून विचारायला लागला, काय उंदीर निघाला का.

आत्या ओसरीवर तांदूळ निवडत होती. पाईप तिच्यासमोर धरला.

तिने पाईपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मंग? तू त्या पान्यावर उड्या मारीत व्हतीस. पाय मोडून घेतला असतास, मंग डबं कुनी नेलं असतं?"

"आत्या, दहा दिवस भुईवर..."

"भुई काय चावती व्हय?"

"उद्याच वेल्डिंगवाल्याकडून सरळ करून आणते. उद्याच."

"नगं," आत्या म्हणाली आणि ताटातला एक खडा उचलून अंगणात फेकला. "उजवीकडचा बूट बी फाटाय आलाय म्हनं. तेवडा हून जाऊ दे. मंग आन सरळ करून."

माझी गादी तिच्यासाठी ओसरीवर आणून टाकली. घेईना. भांडले. ती माझ्याहून मोठ्याने भांडली. शेवटी घेतली, पण उशी परत दिली.

उद्या सकाळी पिरंगुटला जाऊन उजव्या चाकाचा बूट आणते.